कोणत्या वयात कोण कोणाजवळ राहतं? घरातल्या माणसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी, होते. निवृत्त झाल्यापासून कराड तालुक्यातल्या आमच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघते. लोक येतात ते अर्ज भरून घ्यायला, आणि फॉर्मवर सही करता करता विचारतात मनातलं: वेगळं निघू का, आईला कुठं ठेवू, घर आत्ताच मुलाच्या नावावर करू का. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा सगळी उत्तरं लिहून काढावीत असं वाटलं. कायद्याचं जे सांगितलंय ते महाराष्ट्राला धरून आहे. बाकी मतं माझी, आणि ती घरं बघून झालेली आहेत.

कुटुंब म्हणजे नक्की कोण? एका छपराखाली राहतात ते सगळे का?

नाही. जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून. जे नेहमी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब. आमच्या आळीत एका वाड्यात तीन भाऊ राहतात. दार एक, अंगण एक, गणपती एक, पण गॅस तीन. मी तिथं तीन कुटुंबं लिहिली. थोरल्या भावाला ते फार लागलं. "बाई, आम्ही एकच आहोत," म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची जी खूण सांगितली, तिच्यात एक छप्पर आणि एक चूल तर आहेच, शिवाय सामायिक मालमत्ता आणि सामायिक देवधर्मही आहे. या भावांची चूल वेगळी झाली होती, जमीन आणि कुलधर्म एकत्रच होते. कागदावर तीन आणि मनात एक, अशी घरं आपल्याकडं ढिगानं सापडतील.

मग एकत्र कुटुंबं संपली म्हणतात, ते खरं का?

मला तसं दिसत नाही. घर एकाच घडीत कधी राहत नाही. सून घरात आली की दोन पिढ्या एका चुलीवर येतात. धाकट्याचं लग्न झालं की थोडी वर्षं दोन सुना एकत्र नांदतात, मग थोरला वेगळा निघतो. त्याचं घर तेव्हा 'विभक्त' दिसतं. वीस-बावीस वर्षांनी त्याच्या मुलाचं लग्न होतं आणि तेच घर पुन्हा एकत्र होतं. मी २००१ मध्ये ज्या घरात नवराबायको आणि दोन पोरं लिहिली, त्याच घरात २०११ मध्ये सून आणि नातू लिहिला. आय. पी. देसाई नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातेतल्या महुवा गावातली घरं तपासून हेच मांडलं होतं की वेगळं राहणारी माणसंही नात्यानं, पैशानं, कर्तव्यानं बांधलेलीच असतात.

घरं लहान झाली हे मात्र खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात एका घरामागं सरासरी ४.४ माणसं भरली. पण त्याला पोरांची संख्या कमी झाली हेही एक मोठं कारण आहे. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एकच नात, हे पाच माणसांचं घर एकत्रच की!

आणि जुन्या काळी सगळे एकत्र राहायचे असं जे आपण समजतो, तेही तपासून बघावं. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. गावानं मुंबईत एक गाळा घेतलेला होता, त्यात गावचे वीसेक पुरुष राहायचे. पाळ्या तीन, त्यामुळे एकाच वळकटीवर पाळीपाळीनं झोप व्हायची. जेवण खानावळीत. गोव्याच्या ख्रिस्ती माणसांच्या मुंबईतल्या 'कूड' अशाच, गावाच्या नावानं चालणाऱ्या. आई इकडे सासू-सासऱ्यांजवळ. वडील गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सहा महिन्यांनी ते ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माझे आईवडील पहिल्यांदा सलग एका घरात राहिले. सातारा आणि कोकणातल्या किती घरांची हीच गोष्ट असेल.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं घर कोणतं धरायचं?

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी सविस्तर देते, कारण ही माणसं मोजताना आपलं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या आमच्या कृष्णाकाठी येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. मजुरीचा हिशोब 'कोयत्या'वर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून एकटा गडी किंवा एकटी बाई सहसा घेत नाहीत, आणि म्हणूनच पोरापोरींची लग्नं लवकर उरकली जातात. जोडी फडाशेजारी पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोप बांधते. अगदी तान्हं पोर बरोबर येतं. शाळेतली मुलं गावाकडे आजी-आजोबांजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात जेवतात. मार्च-एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत.

म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने एका घराची दोन घरं होतात. इकडं कोपीत पंचविशी-तिशीतले नवराबायको. तिकडं साठीच्या पुढची म्हातारी माणसं आणि दहा वर्षांची नातवंडं, मधली पिढीच गायब. आणि जनगणनेची मोजणी येते फेब्रुवारीत, ऐन हंगामात. मला मोजायला दिलेल्या गटात २०११ मध्ये अशा कोपी होत्या. पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईला दिवसा कोपीत गाठणं अशक्य, म्हणून मी संध्याकाळी कंदील घेऊन जायची. एकीनं मला विचारलं, "माझं पोरगं बी लिवा की, आठ वर्साचं हाय, आजीपाशी ऱ्हातंय." नियमाप्रमाणे ते तिकडंच लिहिलं जाणार होतं. तिला ते पटवून देताना मलाच जड गेलं.

मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला वेगळं राहायचा हक्क आहे का? मुलीलाही?

आहे, दोघांनाही सारखाच. सज्ञान माणसानं कुठं आणि कोणाबरोबर राहायचं हे त्याचं तोच ठरवतो. मुलगी अठराची झाली की वडीलसुद्धा तिला कायद्यानं डांबून ठेवू शकत नाहीत. खर्चाचं मात्र वेगळं आहे. हिंदू दत्तक व पोटगी कायद्याप्रमाणे मुलाला पोसायची जबाबदारी तो सज्ञान होईपर्यंत. मुलीचं लग्न झालेलं नसेल आणि तिला स्वतःचं भागवता येत नसेल, तर तिची जबाबदारी पुढंही राहते.

मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. घरमालक करार नोंदवत नाही, सोसायटी म्हणते 'बॅचलर नकोत'. काय करायचं?

सदाशिव पेठेत एका खोलीत चार कॉट, खाली ट्रंका, खिडकीला वाळत घातलेले टॉवेल, आणि दिवसभर अभ्यासिकेत बसलेली पोरं. एमपीएससीच्या नादानं ती अठराव्या वर्षी जातात आणि तिशीला टेकली तरी तिथंच असतात. हे वयच असं की ती ना धड घरची, ना धड स्वतःच्या बिऱ्हाडाची. घरून डब्याचे पैसे येतात, मतदान गावाला, आधारवर पत्ता गावचा.

खोली किंवा फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. हे मुलाला नीट समजावून सांगा, डिपॉझिट परत घेताना कामाला येतं. सोसायटीला सभासदानं आगाऊ कळवायचं असतं आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो म्हणून जे ना-वापर शुल्क लावतात, तेही सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही. लग्न झालेलं नाही एवढ्यावरून एखाद्याला राहू न देणं मला अन्यायाचं वाटतं. आपलीच मुलं दुसऱ्या गावी 'बॅचलर' असतात, हे सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठून बोलायला हवं.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येते. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलं तर आईवडिलांना टाकलं असं होतं का?

होत नाही. कसं निघालात यावर सगळं आहे. तोंडं वाकडी होऊन, भांडी वाटून घेऊन निघालेली घरं मी बघितलीत, दहा-दहा वर्षं एकमेकांकडं हळदीकुंकवालाही जात नाहीत. आणि वेळेवर, बोलून, आईच्या हातानं नव्या घरात दूध उतू घालून निघालेलीही बघितलीत. त्या घरातल्या सुना सासूच्या आजारपणात रजा काढून येतात. दोन खोल्यांच्या घरात दोन जोडपी आणि वाढती पोरं असतील तर वेगळं निघणं हाच शहाणपणा. ते वेळेत करा, भांडण पिकायची वाट बघू नका.

नवऱ्याशी वाद झाला तर सासरे सुनेला घराबाहेर काढू शकतात का? घर त्यांच्या नावावर आहे.

नुसतं नावावर आहे म्हणून नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते तिचं सामायिक घर ठरू शकतं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालय असंही म्हणालं की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा वापर सुनेचा हा हक्क मोडायला करता येणार नाही. दोन्ही बाजूंचा हक्क एकत्र ठेवून बघावा लागतो. कधी कधी तिला दुसरी जागा घेऊन द्यावी असा मार्ग निघतो. तालुक्याला किंवा जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांना भेटा. सासऱ्यांचं पत्र आलं म्हणून पिशवी भरून माहेरी जाऊ नका.

आईला आम्ही भाऊ महिन्याच्या पाळीनं सांभाळतो. यात चूक काय?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक चांगली मुलं असतात, म्हणून मी त्यांना बसवून घेते आणि एक प्रसंग सांगते.

२०११ चा फेब्रुवारी. मोजणी ९ ते २८ तारखेपर्यंत होती. एका घरी गेले तर ओट्यावर आजी बसलेली, मांडीशी नायलॉनची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. मी नावं लिहायला लागले तशी थोरली सून म्हणाली, "त्यांचं लिहू नका, आज पौर्णिमा, आजपासून धाकल्याकडं." दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या घरी गेले. तिथं म्हणाले, "त्या कुठं आल्यात अजून? थोरल्याकडंच लिहा." दोन्ही घरं माझ्याच गटात होती म्हणून निभावलं. एक घर दुसऱ्या प्रगणकाकडं असतं तर ती बाई भारताच्या लोकसंख्येतून निसटली असती. मी परत थोरल्याकडं गेले. आजी ओट्यावरच होती. "आज्जी, तुम्ही राहता कुठं?" विचारलं. म्हणाली, "पुनव झाली की तिकडं, आवस-पुनव झाली की हिकडं. आता कुणी न्यायला आलं न्हाई." पिशवीत दोन लुगडी होती, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि कापडात गुंडाळलेला पितळेचा बाळकृष्ण. देवघर दोन्ही घरी होतं. पण देव तिच्याबरोबर फिरत होता.

चूक पाळीत नाही, चूक न विचारण्यात आहे. भाऊ एकत्र बसतात, हिशोब करतात, महिना ठरतो. आई पलीकडच्या खोलीत असते. तिला कुणी विचारत नाही की तुला कुठं राहायचंय. काही घरात तर आई एकाकडं आणि वडील दुसऱ्याकडं अशी वाटणी होते. पन्नास वर्षं एका ताटात जेवलेली माणसं सत्तरीत वेगळी करायची आणि त्याला सोय म्हणायचं, हे मला कधीच पटणार नाही. तसं करू नका, हात जोडून सांगते.

पाळी ठेवायचीच असेल तर निदान सहा महिन्यांची ठेवा. म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधारात मोरीकडं जायची वाट अंगवळणी पडायला महिना लागतो, आणि पडापडी होते ती याच काळात. दोन्ही घरी तिची कॉट, तिचं पांघरूण, तिचा तांब्या कायमचा असू द्या, म्हणजे पिशवी हलकी होते. औषधाची फाइल आणि बँकेचं पासबुक तिच्याच हाती. आणि ती एका घरी रमली असेल तर दुसऱ्यानं खर्चाचा वाटा उचलावा आणि दर आठवड्याला तिच्याजवळ येऊन बसावं. एसटीचं तिकीट पंच्याहत्तरीनंतर माफ आहे म्हणून तिला गावोगाव फिरवलंच पाहिजे असं नाही.

आईवडील मुलीकडं राहिले तर चालतं का?

'मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये' असं म्हणणारी पिढी माझ्या आजीबरोबर गेली. कायद्यानं तर मुलीवरही तेवढीच जबाबदारी आहे. कल्याणला दवाखाना असलेल्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडं तिच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनंही आईवडिलांना पोसायचं आहे. आणि हक्काचं म्हणाल तर महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटा दिला, देशभर तो २००५ मध्ये आला.

माझी आई चौऱ्याऐंशीची आहे आणि गेली नऊ वर्षं माझ्याकडं राहते. पहिल्या वर्षी कुणी घरात आलं की ती आत जायची. "जावयाच्या घरी पाहुण्यासमोर काय बसायचं," म्हणायची. ह्यांनी एक दिवस तिला विळी आणून दिली आणि म्हणाले, "आत्या, गवारीची भाजी मोडायला घ्या, मला हिच्या हातची जाड लागते." तेव्हापासून ती पुढच्या दारात बसते.

घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का?

घाई करू नका. मुलगा कितीही चांगला असला तरी नको. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवाला बक्षीसपत्रानं द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, वर स्थानिक अधिभार काय असेल तो. इतकं स्वस्त असल्यामुळं लोक पटकन करून बसतात. बक्षीसपत्र झालं की त्या क्षणी घर तुमचं राहत नाही.

केलंच तर 'माझा सांभाळ आणि माझी देखभाल करायची' ही अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर दस्त रद्द करून घेता येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात एका आईला तिचं घर परत मिळालं, आणि हा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं न्यायालयानं म्हटलं. पण तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ कुणावर का यावी? त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि मन बदललं तर बदलता येतं. नोंदवून ठेवलंत तर नंतरची कटकट कमी होते. आणि नवऱ्यांनी एवढं आजच करावं: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घर नवराबायको दोघांच्या नावानं लावून घ्यावं. नवरा गेल्यावर आपलं नाव कागदावर आणायला हेलपाटे घालणाऱ्या बायका मी दर महिन्याला बघते.

मुलगा बघतच नाही. दाद कुठं मागायची?

उपविभागीय अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपण ज्याला प्रांत म्हणतो तिथं. त्यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण असतं. वय साठ पूर्ण हवं, आईवडिलांना तर वयाची अटही नाही. साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही. कायद्यानं ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस आणखी. २००७ च्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता आहे. अर्ज कसा करायचा कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावा, तो फुकट आहे. लोक यायला लाजतात. "पोराला कोर्टात खेचलं म्हणतील." मी त्यांना सांगते की अर्ज केल्यावर बऱ्याच वेळा आधी समेटासाठीच बोलावतात, आणि किती तरी मुलं तिथं वडिलांसमोर पहिल्यांदा गप्प बसून ऐकतात.

साठीनंतर एकटं राहणं धोक्याचं नाही का?

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली. तिच्यात साठीच्या पुढच्या दर शंभरात साधारण सहा जण एकटे राहणारे निघाले, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. कारण सरळ आहे. लग्नात नवरा वयानं मोठा, आयुष्य बाईचं जास्त. म्हणून शेवटची दहा-पंधरा वर्षं बहुतेक वेळा बाईच मागं राहते. पुरुष एकटा पडला की त्याला कुणी ना कुणी घरी नेतं, "त्यांना चहासुद्धा करता येत नाही," म्हणून. बाईला स्वयंपाक येतो, म्हणून तिला राहू दिलं जातं.

एकटं राहणं आणि टाकलेलं असणं यात फरक आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेला उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या आणि मजेत असलेल्या बायका आमच्या संघात आहेत. त्यांना फक्त एवढंच सांगते की एक किल्ली शेजारी द्या, आतून कडी न लावता लॅच लावा, सकाळी ठरल्या वेळेला कुणाला तरी फोन करा. आमच्याकडं आठ जणींची साखळी आहे. साडेसातला पहिली दुसरीला फोन लावते, दुसरी तिसरीला. साखळी तुटली की जी जवळ असेल ती दारात. मागच्या पावसाळ्यात मोरीत पडलेल्या एकीला अशीच अर्ध्या तासात बाहेर काढली.

उत्पन्न नसलेल्यांसाठी पासष्टीच्या पुढं श्रावणबाळ योजना आणि त्याआधी विधवा, परित्यक्ता, निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये आहे, आणि इथंच घोडं अडतं. मुलगा विचारत नसतो, पण रेशनकार्ड त्याच्याबरोबर असल्यामुळं त्याचं उत्पन्न आईच्या नावे दिसतं.

मग रेशनकार्ड वेगळं करून मिळतं का?

चूल खरोखर वेगळी असेल तर मिळतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत जुन्या कार्डातून नाव कमी करून घ्यायचं आणि नव्याचा अर्ज करायचा. खोटं वेगळं दाखवू नका. पण खरं वेगळं असूनही 'लोक काय म्हणतील' म्हणून एकत्र दाखवत राहू नका.

वृद्धाश्रमात जाणं म्हणजे नामुष्की का?

माणूस स्वतः ठरवून गेला असेल तर मुळीच नाही. 'चार दिवस देवदर्शनाला जाऊ' म्हणून गाडीत बसवून आणून सोडलं असेल तर आहे, आणि ती सोडणाऱ्याची.

आजोबा ६८ चे, बायको जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांना सोबत हवी म्हणतात. लग्न करावं की नुसतं एकत्र राहावं?

त्यांनी ते बोलून दाखवलं, यातच मोठं धैर्य आहे. पुण्यात आणि नागपुरात ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळं चालतात, मेळावे भरतात. पुष्कळ जण लग्न टाळतात ते मुलांना वाटणीची आणि स्वतःला कुटुंब निवृत्तिवेतन बंद होण्याची धास्ती असते म्हणून. एकत्र राहणं गुन्हा नाही. पण जोडीदार कायदेशीर वारस होत नाही. त्यामुळं त्या बाईंनी राहायचं कुठं, किती वर्षं, आजोबांच्या मागं काय, हे मृत्युपत्रात लिहिलेलं असलंच पाहिजे. नाहीतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं कुलूप लावतात. खर्च कसा वाटायचा, आजारपण कुणी बघायचं, हेही आधी कागदावर आणा. आणि मुलांनो, वडिलांच्या ताटाशेजारी दुसरं ताट दिसलं तर आईचा अपमान झाला असं समजू नका.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक येतील तेव्हा काय सांगायचं?

जे आहे ते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे सोळा वर्षांनी कुणीतरी आपल्या दारात येऊन विचारणार आहे की इथं कोण कोण राहतं. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली आहे, आणि या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाईल, स्वतः भरायचीही सोय आहे. पुण्याच्या वसतिगृहातला मुलगा तिथं मोजला जातो, त्याला इथं धरू नका. पाळीवर असलेली आई ज्या घरी असेल तिथं मोजली जाईल, दोन्ही घरांनी आधी बोलून घ्या. कोपीतल्या जोडप्यांकडं प्रगणक गेला की नाही हे शेजारच्या शेतकऱ्यानं जरूर बघावं.

आणि कुटुंबप्रमुख म्हणून नाव कुणाचं, हे घरानं सांगायचं असतं, प्रगणकानं ठरवायचं नाही. तो पुरुषच असावा, कमावताच असावा, असा कुठलाही नियम नाही. २०११ ला मी शंभरावर घरांत हे सांगितलं, पण बहुतेक बायकांनी हसून नवऱ्याकडं बघितलं. आमच्या घरात यावर जेवताना बोलणं झालं. घर माझ्या आणि ह्यांच्या नावावर, पेन्शन दोघांची. ह्यांनी सांगितलं, आत्यांचं लिहू. आई म्हणाली, "माझं कशाला, तुझं लिव. मी शेजारी बसते आनि बघते, बरूबर लिवतोय का न्हाई."